दोन महासत्ता आणि आपले यशवंतराव

आपल्या शाळेच्या पाटीवर जिल्हा परिषद असं लिहिलेलं आहे. या जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी सुरू झाल्या, तेव्हा यशवंतराव चव्हाण आपले मुख्यमंत्री होते. एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण हेच यशवंतराव पुढे दोन महासत्तांच्या दारी जाऊन आले. ते मी सांगणार आहे.

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे या खेड्यात झाला. वडील लवकर वारले. आई विठाबाईंनी कष्ट करून मुलांना वाढवले. कराडला शिकत असताना १९३२ साली तिरंगा फडकवला म्हणून त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. पुढे ते वकील झाले, आणि १९६० साली महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री.

त्या काळी अमेरिका आणि रशिया (म्हणजे तेव्हाचा सोव्हिएत संघ) यांच्यात शीतयुद्ध चालू होते. कारखाने, जमिनी लोकांच्या मालकीच्या असाव्यात की सरकारच्या, हा वाद. दोघांकडेही अणुबॉम्ब! समोरासमोर लढले तर दोघंही खलास. म्हणून ते इतर देशांना हत्यारं देऊन आपल्या बाजूला ओढायचे. माझे आबा म्हणतात, दोन रेडे झुंजले की मधल्या मधे केळीची खोडं आडवी होतात. तसंच ते. भारताने मात्र कोणाच्याच गटात जायचे नाही असे ठरवले होते.

ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबा बेटावरच्या रशियन क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या तोंडाशी आले. नेमकं त्याच वेळी चीनने आपल्यावर हल्ला केला. आपल्या सैन्याचे फार हाल झाले. तेव्हा पंडित नेहरूंनी यशवंतरावांना संरक्षणमंत्री म्हणून बोलावून घेतले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं लोक म्हणू लागले.

मे १९६४ मध्ये ते अमेरिकेला गेले. पाकिस्तानला दिलेली एफ-१०४ विमानं आम्हालाही द्या, ही त्यांची मागणी. अमेरिकेने ती काही दिली नाहीत. त्यातच २७ मे रोजी नेहरू वारले आणि त्यांना परतावे लागले. मग त्याच वर्षी ते रशियाला गेले. रशियाने मिग-२१ विमानं तर दिलीच, शिवाय ती इथेच बनवायला मदत केली. मला हेच जास्त मोलाचे वाटते. तो कारखाना आपल्या नाशिकजवळ ओझरला उभा राहिला. धुळ्याहून नाशिकला जाताना ओझर लागते.

१९६५ साली पाकिस्तानने अमेरिकेचे पॅटन रणगाडे घेऊन चढाई केली. १ सप्टेंबरला हवाई दलाने परवानगी मागितली, ती यशवंतरावांनी लगेच दिली आणि त्याच संध्याकाळी आपली विमानं उडाली. युद्ध थांबल्यावर तह कुठे झाला? रशियात, ताश्कंदला! आज ते शहर उझबेकिस्तानात आहे. १० जानेवारी १९६६ ला सह्या झाल्या आणि त्याच रात्री पंतप्रधान लालबहादूर शास्त्री वारले. यशवंतराव तेव्हा तिथेच होते.

पुढे ते परराष्ट्रमंत्रीही झाले. ज्या चीनमुळे ते दिल्लीला गेले, त्याच चीनमध्ये १९७६ साली, ते परराष्ट्रमंत्री असताना, भारताने पुन्हा आपला राजदूत पाठवला.

२५ नोव्हेंबर १९८४ रोजी यशवंतराव दिल्लीत वारले. शीतयुद्ध त्यानंतर सात वर्षांनी, सोव्हिएत संघ फुटल्यावर संपले. मिग-२१ मात्र २०२५ च्या सप्टेंबरपर्यंत आपल्या हवाई दलात उडत होते. कराडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर यशवंतरावांची समाधी आहे.