देवराष्ट्रेची यमुना : आधी स्वतः शिकली, मग बायांना पायावर उभं केलं

कडेगाव तालुक्यातलं देवराष्ट्रे म्हटलं की पहिलं नाव निघतं ते यशवंतराव चव्हाण यांचं. ते बरोबरच आहे. पण यशवंतरावांच्या जन्माच्या 51 वर्षं आधी याच गावात कुर्लेकरांच्या घरात एक मुलगी जन्मली. 25 जानेवारी 1862 हा तिचा जन्मदिवस. माहेरचं नाव यमुना. पुढं साऱ्या महाराष्ट्रानं तिला रमाबाई रानडे या नावानं ओळखलं.

2012 साली टीव्हीवर 'उंच माझा झोका' ही मालिका लागायची, ती यांच्यावरच होती. घराघरात बघितली गेली. पण मालिकेमुळं लोकांच्या लक्षात राहिली ती लहानगी नवरी. रमाबाईंचं सगळ्यात मोठं काम नवरा गेल्यानंतरचं आहे. बचत गटातल्या बाया, आशा ताई, दवाखान्यातल्या सिस्टर, शिलाई मशीनवर घर चालवणाऱ्या मावश्या, या सगळ्यांनी वाचावं असं ते काम आहे.

अकराव्या वर्षी लग्न, पाटी नंतर

त्या काळात मुलीला शिकवायचं नाही अशीच रीत होती. शिकलेली बाई लवकर विधवा होते, असा समज लोकांच्या डोक्यात पक्का बसलेला. कुर्लेकरांच्या घरीही मुलींना शाळा नव्हती. त्यामुळं 1873 मध्ये लग्न झालं तेव्हा 11 वर्षांच्या यमुनेला अक्षरओळखही नव्हती.

नवरा म्हणजे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. वय 31, पुण्यात न्यायाधीश, विद्वान माणूस. पहिली बायको नुकतीच वारलेली. रानडे विधवाविवाहाच्या बाजूनं बोलणारे, म्हणून त्यांनी आता विधवेशीच लग्न करावं अशी सुधारक मंडळींची अपेक्षा होती. पण वडिलांच्या हट्टापुढं ते नमले आणि लहान मुलीशी लग्न केलं. त्यावरून लोकांनी त्यांना खूप बोल लावले. ही गोष्ट झाकून ठेवण्यासारखी नाही.

मात्र लग्न झाल्याबरोबर रानड्यांनी बायकोला शिकवायला घेतलं. पाटीवर अक्षरं गिरवण्यापासून सुरुवात झाली. पुढं शिकवायला एक बाई घरी येऊ लागल्या. मराठी झालं, मग इंग्रजीही आलं.

विरोध घरातल्या बायांचाच

वाटतं तेवढं हे सोपं नव्हतं. घर भरलेलं होतं. सासू, नणंद, नात्यातल्या थोरल्या बाया. सून पुस्तक घेऊन बसते हे त्यांना अजिबात खपत नव्हतं. टोमणे, अबोला, मुद्दाम जास्तीचं काम, सगळं झालं. नवऱ्यानं शिक म्हणायचं आणि घरातल्या बायांनी शिकू नको म्हणायचं. पोर मधल्यामध्ये अडकलेली.

रमाबाईंनी यातून वाट काढली. उलट उत्तर द्यायचं नाही, घरातलं काम टाळायचं नाही, आणि अभ्यासही सोडायचा नाही. अशी वर्षामागून वर्षं काढली. आपल्याकडं आजही नर्सिंगला किंवा कॉम्प्युटरच्या क्लासला जाणाऱ्या कितीतरी सुनांना हेच करावं लागतं. पहाटे भाकरी थापायची, धार काढायची आणि मग एसटी गाठायची.

रानड्यांची बदली नाशिकला झाली, तिथं एका शाळेच्या कार्यक्रमात रमाबाई पहिल्यांदा पाहुण्या म्हणून लोकांसमोर आल्या. ते भाषण रानड्यांनी लिहून दिलं होतं. पुढं पुण्यात मुलींसाठी हायस्कूल हवं म्हणून प्रयत्न सुरू झाले. त्या वेळी गव्हर्नरसमोर भरलेल्या सभेत रमाबाईंनी इंग्रजीतून निवेदन वाचलं. सभेत कौतुक झालं आणि घरी आल्यावर बोलणी बसली. पण हायस्कूल उभं राहिलं. 1884 साली सुरू झालेली ती शाळा म्हणजे पुण्याची हुजूरपागा.

38 व्या वर्षी वैधव्य

16 जानेवारी 1901 रोजी न्यायमूर्ती रानडे वारले. रमाबाई तेव्हा 38 वर्षांच्या, पदरी मूलबाळ नाही. त्या काळी विधवा बाईनं घराच्या कोपऱ्यात बसून उरलेलं आयुष्य काढायचं, असंच होतं. सुमारे वर्षभर त्याही पुण्याच्या घरातून बाहेर पडल्या नाहीत.

मग बाहेर पडल्या त्या थेट येरवड्याच्या तुरुंगात, बायकांच्या कोठडीत. कैदी बायांशी बोलायचं, चार चांगल्या गोष्टी सांगायच्या. दवाखान्यात जाऊन रोग्यांची विचारपूस करायची. चांगल्या घरची विधवा तुरुंगात जाते म्हटल्यावर लोक काय बोलले असतील, ते सांगायला नको. 1904 साली मुंबईत भारत महिला परिषद भरली, तिचं अध्यक्षपद त्यांच्याकडं आलं.

सेवासदन : शिक्षण, हाताला काम आणि आरोग्य

1908 मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन काढलं. त्याची धुरा रमाबाईंकडं दिली. पुढच्याच वर्षी, 1909 मध्ये, पुण्यात सेवासदन सुरू झालं, तेही रमाबाईंच्या राहत्या वाड्यात. गोपाळ कृष्ण देवधर यांची मोठी साथ होती.

मुलींच्या शाळा पुण्यात आधी नव्हत्या असं नाही. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1848 मध्येच तो पाया घातला होता. पण शाळेचं वय निघून गेलेल्या बायांचं काय? लग्न झालेली, पोरंबाळं असलेली, विधवा झालेली, नवऱ्यानं टाकलेली बाई लहान मुलींच्या वर्गात बसणार कशी? सेवासदन या बायांसाठी होतं.

तिथं पहिलं काम वाचायला-लिहायला शिकवायचं. पण नुसतं वाचता आलं म्हणून पोट भरत नाही. दीर-जावांच्या तुकड्यावर जगणाऱ्या विधवेच्या हातात दोन पैसे आले तरच घरात तिची किंमत वाढणार. म्हणून शिवणकाम आणि हातकामाचे वर्ग निघाले. ज्या जास्त शिकू शकतात त्यांना शिक्षिका करण्याचं प्रशिक्षण सुरू झालं. बाहेरगावच्या बायांसाठी वसतिगृह झालं.

तिसरी गोष्ट आरोग्याची, आणि इथंच सगळ्यात जास्त विरोध झाला. त्या काळी बाई आजारी पडली तरी पुरुष डॉक्टरला दाखवायची नाही. बाळंतपण अंधाऱ्या खोलीत, अडाणी हातांनी व्हायचं. किती बाया आणि किती पोरं त्यात गेली याला गणती नाही. यावर उपाय एकच, शिकलेली नर्स आणि शिकलेली सुईण. पण नर्सचं काम हलकं समजलं जायचं. कोणत्याही जातीच्या रोग्याला हात लावायचा, रात्रपाळी करायची, परक्या पुरुषाची सेवा करायची. घरंदाज बाईनं हे करायचं म्हणजे नाक कापल्यासारखं.

रमाबाईंनी विधवांना आणि मुलींना याच कामासाठी तयार केलं. त्यांच्या घरच्यांना समजावलं. पुण्याच्या ससून रुग्णालयात सेवासदनच्या बाया नर्सचं काम शिकू लागल्या. ज्या विधवेचं तोंड सकाळी बघू नये म्हणायचे, तिलाच बाळंतपणाला बोलावणं येऊ लागलं. तिच्या हाताला यश आहे असं लोक म्हणू लागले.

सुरुवातीला येणाऱ्या बहुतेक बाया शहरातल्या, पांढरपेशा घरातल्या होत्या हेही खरं. खेड्यापाड्यातल्या कष्टकरी बायांपर्यंत हे पोहोचायला पुढं बराच काळ गेला. पण रमाबाई नुसत्या वाड्यात बसून राहिल्या नाहीत. आळंदीच्या यात्रेला त्या सेवासदनच्या बायांना घेऊन जायच्या. गर्दीत चुकलेल्या, आजारी पडलेल्या वारकरी बायांची सेवा करायच्या. 1924 साली रमाबाई वारल्या तोवर पुण्याच्या सेवासदनात वेगवेगळ्या वर्गांत शिकणाऱ्या बायांची संख्या हजाराच्या घरात गेली होती.

पोरींचं शिक्षण सक्तीचं करा

आयुष्याच्या शेवटच्या काळातही त्या गप्प बसल्या नाहीत. 1920 च्या सुमारास पुणे नगरपालिकेत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करायचा विषय निघाला. पण पैसा पुरत नाही, आधी मुलांचं करू, मुलींचं नंतर बघू, असं बऱ्याच पुढाऱ्यांचं म्हणणं पडलं. रमाबाईंनी पुण्यात बायांचा मोर्चा काढला. साठीला टेकलेली विधवा बाई रस्त्यावर उतरते, मागं बाया चालतात, हे पुण्यानं तेव्हा बघितलं. बायांना मताचा हक्क मिळावा म्हणून मुंबई इलाख्यात जी चळवळ झाली, तिच्यातही त्या पुढं होत्या.

1910 मध्ये त्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक निघालं. अकराव्या वर्षापर्यंत अक्षर न ओळखणाऱ्या बाईचं हे पुस्तक मराठीतल्या चांगल्या आत्मचरित्रांत मोजतात. 1962 मध्ये जन्मशताब्दीला पोस्टानं त्यांचं तिकीट काढलं.

आपल्यासाठी यात काय आहे

आज गावात दहावी-बारावी झालेल्या मुली भरपूर आहेत. वाचता येत नाही हा प्रश्न आता थोड्या वयस्क बायांपुरता राहिला. पण बारावी झाली की स्थळ बघायचं, हे काही थांबलेलं नाही. नर्सिंगला पाठवायचं म्हटलं की रात्रपाळी नको, लांब नको, लोक काय म्हणतील, हीच कारणं निघतात. शंभर वर्षांपूर्वी पुण्यात हीच कारणं निघत होती. आणि बऱ्याचदा ती सांगणाऱ्या घरातल्या थोरल्या बायाच असतात, रमाबाईंच्या सासरी होत्या तशाच.

म्हणून मायबहिणींनो, एक विनंती आहे. घरातली सून किंवा लेक काही शिकायचं म्हणाली, तर तिला लगेच नको म्हणू नका. तिच्या वाटणीचं एखादं काम दोन तास आपण उचला. आणि ज्यांना सही सोडून काही लिहिता येत नाही, त्यांनी बचत गटाच्या बैठकीत शिकलेल्या पोरीकडून पासबुक वाचायला शिका. औषधाच्या पाकिटावरची तारीख वाचायला शिका.

25 जानेवारीला रमाबाईंची जयंती असते. गावच्या शाळेत, अंगणवाडीत, बचत गटात त्या दिवशी या लेकीची गोष्ट सांगितली, तर देवराष्ट्रेच्या मातीचं थोडं ऋण फिटेल.