पहिल्या स्त्री-वकील कॉर्नेलिया सोराबजी



मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा आग्रह झाला, म्हणून ही लेखणी हाती धरली आहे. शेजारची एक मुलगी परवा विचारीत होती की वकील होण्याची सर्वांत जवळची वाट कोणती? बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम घेतला तर एक वर्ष वाचते, आधी पदवी घेतली तर पुढे तीन वर्षे लागतात, असा तिचा हिशेब चालला होता. तो ऐकून मला कॉर्नेलिया सोराबजींची आठवण झाली. त्यांना ही वाट चालायला किती वर्षे लागली, ते आपल्या मुलींना ठाऊक असावे, असे वाटते.

कॉर्नेलियाबाईंचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी आपल्या महाराष्ट्रात, नाशिक येथे झाला. वडील पारशी घराण्यातले, पण त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. आई मोठी कर्तबगार. तिने पुण्यात शाळा चालविल्या. दुःखी स्त्रिया तिच्याकडे सल्ल्याला येत. आपल्या हक्काची मालमत्ता दुसऱ्याने गिळली तरी दाद कोठे मागावी, हे त्या बिचाऱ्यांना कळत नसे. ते पाहतच कॉर्नेलिया लहानाची मोठी झाली.

पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी नाव घातले. सगळे विद्यार्थी मुलगे आणि त्यांत ही एकटी मुलगी! तरीही त्या पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर ठरल्या. अशा गुणांवर विलायतेला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती मिळावयाची, पण ती मुलीला देता येत नाही, असे उत्तर आले. त्यांनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात शिकविण्याचे काम धरले. शेवटी इंग्लंडमधील काही सहृदय मंडळींनी वर्गणी जमविली. त्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईही होत्या. अशा रीतीने १८८९ साली कॉर्नेलियाबाई ऑक्सफर्डला पोचल्या.

तेथे कायद्याचा अभ्यास करणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री. १८९२ साली विद्यापीठाने खास ठराव केला, तेव्हा कोठे त्यांना परीक्षेस बसता आले. त्या उत्तीर्ण झाल्या, पण पदवी नाही! ऑक्सफर्ड तेव्हा स्त्रियांना पदवीच देत नसे. ती हाती पडावयास १९२० नंतरचा काळ उजाडावा लागला.

स्वदेशी परतल्यावरही तेच. १८९७ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची एल्‌एल्‌. बी. केली, १८९९ साली अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा दिली. प्रत्येक वेळी यश आले, पण सनद मिळेना. त्यांच्या अभ्यासात उणे काहीच नव्हते. वकील म्हणजे पुरुष, असेच कायद्याच्या शब्दांतून समजले जाई. आपल्या वणीला १८८० साली जन्मलेले बापूजी अणे त्यांच्याहून चौदा वर्षांनी लहान. पण १९०८ च्या सुमारास त्यांनी यवतमाळात वकिली सुरूही केली. बापूजींची थोरवी आपण जाणतोच. पण एकाला दार उघडे आणि दुसरीला बंद, हे मनाला लागल्यावाचून राहत नाही.

कॉर्नेलियाबाई मात्र हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. पडद्यातल्या राण्या व जमीनदारांच्या विधवा परपुरुष वकिलापुढे येऊ शकत नसत. इस्टेट त्यांची, पण कारभार कारभाऱ्याच्या हाती! अशांसाठी एक स्त्री कायदेतज्ज्ञ हवी, असे कॉर्नेलियाबाईंनी सरकारला वारंवार पटवून दिले. अखेर १९०४ साली बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्‌समध्ये, म्हणजे विधवांच्या व अज्ञान वारसांच्या इस्टेटी सांभाळणाऱ्या खात्यात, त्यांची नेमणूक झाली. बंगाल, बिहार, ओरिसा, आसाम असा त्यांचा मुलूख. सुमारे वीस वर्षे त्या हिंडल्या. शेकडो स्त्रिया आणि पोरकी मुले यांना त्यांनी आधार दिला. त्यांत मुलांच्या शिक्षणाची सोय होती, विधवांच्या पोटगीची व्यवस्था होती आणि घरातले तंटे मिटविणेही होते.

त्यांचे सगळेच विचार आपल्याला पटतील असे नाही. त्या इंग्रजी राज्याच्या बाजूने बोलत आणि गांधीजींच्या चळवळीला त्यांनी विरोध केला. त्यामुळे अनेक देशभक्त स्त्रियांनी त्यांच्याकडे पाठ फिरविली. पण त्यामुळे त्यांचे कष्ट खोटे ठरत नाहीत.

१९२१ साली अलाहाबाद हायकोर्टाने त्यांचे नाव वकिलांच्या यादीत घेतले. १९२३ साली कायदा झाला आणि स्त्रियांवरची बंदी सगळ्या देशात उठली. १९२४ साली त्या कलकत्त्याच्या हायकोर्टात वकिली करू लागल्या. तेव्हा त्यांचे वय अठ्ठावन्नच्या घरात होते! ऑक्सफर्डच्या परीक्षेला बत्तीस वर्षे लोटली होती. पुढे पाचच वर्षे त्यांनी काम केले आणि १९२९ साली त्या निवृत्त झाल्या. ६ जुलै १९५४ रोजी लंडन येथे त्यांचे देहावसान झाले.

त्यांनी एकामागून एक परीक्षा दिल्या, पण केवळ परीक्षांनी दार उघडले नाही. नियम बदलला तेव्हा उघडले, आणि तो बदलावा म्हणून त्यांच्यासारख्या बायकांना आयुष्य खर्ची घालावे लागले. आज यवतमाळातही कायद्याचे शिक्षण मिळते आणि मुलगी म्हणून कोणी सनद नाकारू शकत नाही. शेजारच्या त्या मुलीला मी एवढेच सांगितले, पाच वर्षे लागोत की सहा, तुझी वाट जवळचीच आहे. ती लांबची होऊ नये, हे आता आपल्या घराघरांत पाहिले पाहिजे. लग्नाची घाई, फीची काळजी, मुलीला एवढे शिकवून काय करायचे हा प्रश्न, ही दारे कायद्याने लावलेली नाहीत. ती आपणच लावतो, आणि आपणच उघडू शकतो.