रेशीमकिडा कधी हातात न धरलेल्या पाश्चरनी रेशीमधंदा कसा वाचवला?

बारामतीच्या बाजार समितीत रेशीमकोषांचा लिलाव होतो. बारामती-इंदापूर भागात उसाशेजारी तुती लावणारा शेतकरी अंडीपुंज घेताना आधी बघतो, ते रोगमुक्त आहेत ना? ही तपासणी सुरू करणारा माणूस म्हणजे लुई पाश्चर. तेच, रेबीजच्या लशीवाले.

फ्रान्समध्ये १८५३ साली सुमारे २ कोटी ६० लाख किलो कोष निघाले होते. १८६५ पर्यंत हा आकडा ४० लाखांवर आला. अळ्यांच्या अंगावर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके यायचे आणि त्या मरायच्या. या रोगाचं नाव पेब्रिन. पाश्चर यांचे गुरू द्युमा यांनी गळ घातली आणि १८६५ च्या जूनमध्ये पाश्चर दक्षिणेतल्या अलेस गावी पोहोचले. गडी रसायनशास्त्रातला, किड्यांची माहिती शून्य.

त्याच महिन्यात त्यांचे वडील गेले. सप्टेंबरमध्ये दोन वर्षांची कामिय गेली. पुढच्या मे महिन्यात बारा वर्षांची सेसिल विषमज्वराने गेली. थोरली जान १८५९ मध्ये त्याच रोगाने दगावली होती. तरी काम थांबलं नाही. पत्नी मारी स्वतः अळ्या पोसू लागल्या, अंडी निवडू लागल्या.

पाश्चर यांचा पहिला अंदाज साफ चुकला. आजारी किड्यांत दिसणारे सूक्ष्म कण हे रोगाचं कारण नसून परिणाम आहे, असं ते धरून बसले होते. चूक मान्य करायला त्यांना जवळपास दोन वर्षं लागली. उपाय मात्र सोपा निघाला. प्रत्येक मादी पतंगाला वेगळी अंडी घालू द्यायची, मग तिला कुटून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. कण दिसले की अंडी जाळायची. आजच्या रोगमुक्त अंडीपुंजांचं मूळ हेच.

तेवढ्यात लक्षात आलं की रोग एक नाही, दोन आहेत. दुसरा फ्लॅचरी, ज्यात अळी लुळी पडून सडते. त्याच सुमारास, ऑक्टोबर १८६८ मध्ये, पक्षाघाताने पाश्चर यांची डावी बाजू लुळी पडली. वय ४५. तरी त्यांनी काम पुढे नेलं आणि १८७० मध्ये ग्रंथ पूर्ण केला.

फ्लॅचरीचा दोष त्यांनी आतड्यातल्या जिवाणूंना दिला. अनेकदा सुरुवात विषाणूने होते, जिवाणू मागून येतात, हे पुढे कळलं. त्यांच्या सूक्ष्मदर्शकात विषाणू दिसणं शक्यच नव्हतं.

जिवाणू काचेतल्या रश्शात वाढतो, विषाणूला मात्र जिवंत पेशीच लागते. म्हणून किड्याच्या पेशी शरीराबाहेर जगवणं भाग होतं. १९३५ मध्ये विल्यम ट्रेगर यांनी रेशीमकिड्याच्या ऊतींमध्ये ग्रासरीचा विषाणू काचपात्रात वाढवला. १९६२ मध्ये ऑस्ट्रेलियात थॉमस ग्रेस यांना पतंगाच्या सतत वाढत राहणाऱ्या पेशी मिळाल्या. १९६७ मध्ये तर पुण्याच्याच विषाणू संशोधन केंद्रात के. आर. पी. सिंग यांनी डासांच्या अळ्यांपासून अशा पेशी तयार केल्या. डेंग्यूसारख्या विषाणूंच्या अभ्यासाला त्या जगभर उपयोगी पडल्या.

पाश्चर १८९५ मध्ये गेले. ग्रासरीने पिवळी पडून फुगलेली अळी आजही औषधाने बरी होत नाही. कातडी फुटून दुधाळ पाणी सांडण्याआधी ती वेचायची, चुन्यात पुरायची आणि पुढच्या बॅचआधी शेड ब्लीचिंग पावडरने धुऊन काढायची.