कै. खाशाबा जाधव : आखाड्यानंतरची सत्तावीस वर्षे

हेलसिंकीचे ब्राँझपदक आणि खाशाबा जाधव ही नावे आपल्या घराघरांतून एकत्रच उच्चारली जातात. त्या पदकानंतर हा मल्ल बत्तीस वर्षे जगला आणि त्यांपैकी सत्तावीस वर्षे त्याने पोलीस खात्याची चाकरी केली, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. पदकाची हकीकत अनेकांनी लिहिली आहे. स्मरणिकेसाठी लेख द्यावा अशी चिटणीसांची सूचना आली, तेव्हा त्यांच्या आयुष्याच्या या उत्तरार्धाकडे वाचकांचे लक्ष वेधावे असे आम्हांस वाटले. आपल्या कितीतरी सभासदांची मुले आज तालमीत घाम गाळतात आणि त्यांच्या आईवडिलांचे डोळे पोलीस भरतीकडे लागलेले असतात, हेही त्याचे एक कारण होय.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कऱ्हाडशेजारील गोळेश्वर या गावी झाला. वडील दादासाहेब स्वतः मल्ल होते. पाच भावांत खाशाबा धाकटे. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात त्यांचे शिक्षण झाले आणि शिक्षणाबरोबर मेहनतही चालू राहिली. बेचाळीसच्या चळवळीत सातारा जिल्हा पेटलेला असताना या पोरवयातील मल्लाने भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देण्याच्या कामी हातभार लावला होता. ज्या पोलिसांची नजर चुकवून माणसे लपवावयाची, त्याच खात्याचा गणवेश पुढे अंगावर चढवावयाचा होता. अर्थात मधल्या काळात राज्य आपले झाले होते, हा फरक लहान नव्हे.

पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात असताना १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाचा भार उचलला. आमच्याकडची कुस्ती तांबड्या मातीतली. प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला लागली की निकाल. तिकडे गादीवर लढावयाचे आणि गुणांचा हिशेब ठेवावयाचा. खाशाबांनी गादीवर पाय ठेवला तो तेथेच, असे म्हटले तरी चालेल. तरीही त्यांनी सहावा क्रमांक मिळविला. अमेरिकेचे रीस गार्डनर यांनी तेथे त्यांस शिकविले, आणि गादीवरील कुस्तीचे मर्म त्यांनी ध्यानात घेतले.

१९५२ च्या निवड चाचणीत आपल्यावर अन्याय झाला असे खाशाबांना वाटले. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती झाली आणि ती त्यांनी जिंकली. मग प्रश्न आला तो पैशांचा. गोळेश्वरकरांनी घरोघर वर्गणी गोळा केली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. आम्ही उभे आयुष्य शाळेत घालविले. शिष्यासाठी गुरूने घर गहाण टाकावे याचा अर्थ काय, हे आमच्यासारख्यास निराळे समजावून सांगावे लागत नाही.

हेलसिंकीत बँटमवेट गटात, म्हणजे सत्तावन्न किलो वजनात, कॅनडा, मेक्सिको व जर्मनी येथील मल्लांना त्यांनी हरविले. जपानच्या शोहाची इशी यांच्याशी झालेली दीर्घ लढत थोडक्यात गेली. ती संपते न संपते तोच रशियाच्या राशिद मामेदबेकोव यांच्याशी लढण्याचा हुकूम झाला. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हवी असा नियम होता. पण तो नियम दाखवून तक्रार करावयास आपला एकही अधिकारी जागेवर नव्हता. थकलेल्या अंगाने खाशाबा लढले व हरले. पदरी ब्राँझपदक आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे मिळावयास १९९६ साल उजाडावे लागले. परतल्यावर कऱ्हाड स्टेशनपासून शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली आणि एरवी थोडक्या वेळात सरणाऱ्या वाटेस सात तास लागले. मिरवणूक आटोपल्यावर खाशाबांनी काय केले? कुस्त्यांचे फड भरविले, आलेल्या पैशांतून प्राचार्यांचे घर सोडविले. पदकापेक्षा ही गोष्ट आम्हांस थोर वाटते.

परंतु फेटे, हारतुरे आणि मिरवणुकीवर संसार चालत नाही. मल्लाचे शरीर तिशीपुढे उतरणीस लागते आणि खुराकाचा खर्च तर रोजचा. पदक मिळाल्यावर तीन वर्षांनी, १९५५ साली, खाशाबा पोलीस खात्यात फौजदार म्हणून दाखल झाले. मेलबर्नच्या ऑलिंपिकची उमेद तेव्हा मनात होती. गुडघ्याच्या दुखापतीने ती मावळली. तेथून पुढे खाकी गणवेश हेच त्यांचे आयुष्य झाले.

फौजदाराचे काम किती रुक्ष असते हे ज्यांच्या घरी पोलीस आहे ते जाणतात. पंचनामे, जबाब, रात्रीची गस्त, सणावारी बंदोबस्त. जगाची दिवाळी असते तेव्हा याच्या घरी पणती लावावयास बायकामुलेच. तेथे ढाक मारून प्रतिस्पर्ध्यास चीत करण्याचा प्रसंग नसतो, आणि कोणी टाळ्याही वाजवीत नाही. खात्याअंतर्गत स्पर्धांत खाशाबांनी कुस्त्या जिंकल्या आणि क्रीडा-शिक्षक म्हणून पुढच्या मल्लांस घडविण्याचे कामही केले. स्वतःस जे लंडनला जाऊन शिकावे लागले ते इतरांस येथेच मिळावे, ही त्या कामाची खरी किंमत होय.

बढतीच्या बाबतीत मात्र पदकाने त्यांचा फारसा कैवार घेतला नाही. खेळाडू म्हणून खात्यात प्रवेश मिळतो. पुढे सेवापुस्तकातील नोंदी बोलतात. सत्तावीस वर्षांनी ते सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले, तेव्हा त्या पदावर बसून फार दिवस झालेले नव्हते. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई स्पर्धांच्या मशाल-दौडीत त्यांस सहभागी करून घेतले, एवढा एक मान त्या काळात वाट्यास आला.

निवृत्तिवेतनासाठीही त्यांस झगडावे लागले. निवृत्तिवेतनाचे कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर कसे रेंगाळतात हे आम्ही स्वानुभवाने जाणतो. पण आम्ही पडलो साधे मास्तर. देशाचे निशाण परदेशी फडकविणाऱ्या आणि उभी उमर सरकारी चाकरीत वेचलेल्या माणसाने हक्काच्या पैशांसाठी खेटे घालावे, हे वाचताना मान खाली जाते. क्रीडा संघटनांनीही त्यांची विचारपूस केली नाही. अखेरचे दिवस ओढगस्तीतच गेले आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. त्यांच्यामागे त्यांच्या पत्नीसही मदतीसाठी कष्ट सोसावे लागले.

मानसन्मान आले ते नंतर. महाराष्ट्र शासनाचा छत्रपती पुरस्कार मरणोत्तर मिळाला, पाठोपाठ २००० सालचा अर्जुन पुरस्कार आला. २०१० साली दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागृहास त्यांचे नाव दिले गेले. गोळेश्वरी कुस्तीची प्रबोधिनी उभारण्याची घोषणाही झाली होती. ती वर्षानुवर्षे कागदावरच राहिली, म्हणून २०१७ साली कुटुंबीयांनी ते ब्राँझपदक लिलावात काढून त्या पैशांतून प्रबोधिनी बांधण्याचा मनोदय जाहीर केला. १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिन आता शासनाच्या वतीने राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो.