हाईम केहीमकर : तेविशीतला एक संकल्प

आपल्याकडे तरुणांचे मंडळ निघायला वेळ लागत नाही. आमच्या कोंढ्यासारख्या गावातही नवी मंडळे निघतात आणि उत्साह ओसरला की बंद पडतात. म्हणूनच तेविसाव्या वर्षी हाती घेतलेले काम उतारवयापर्यंत न सोडणाऱ्या एका मराठी ज्यू गृहस्थाचे चरित्र मला वाचकांपुढे ठेवावेसे वाटते. त्यांचे नाव हाईम सॅम्युएल केहीमकर.

केहीमकरांचा जन्म १८३० सालचा. आडनावावरूनच घराण्याचे मूळ गाव कळते. अलिबागजवळचे किहीम ते हेच. त्यांचा समाज बेने इस्रायल. नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटले आणि सात जोडपी वाचली, अशी या समाजाची परंपरागत कथा आहे. धर्मग्रंथ समुद्रात गेले. उरली ती एक प्रार्थना, सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि शनिवारची विश्रांती. कोकणात त्यांनी तेलाचा घाणा धरला. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. तेलघाणी पाहिलेल्या आपल्या भंडारा जिल्ह्यातील वाचकांना हे नाव परके वाटू नये. त्यांची घरची भाषा मराठीच होती.

पुढे ही कुटुंबे मुंबईला आली. १७९६ साली सॅम्युएल दिवेकरांनी तेथे या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. परंतु शिक्षणासाठी बऱ्याच अंशी मिशनऱ्यांच्या शाळांवर अवलंबून राहावे लागे. आपल्याच धर्माची भाषा, हिब्रू, दुसऱ्या धर्माच्या प्रचारकांकडून शिकायची, अशी विचित्र अवस्था होती.

मुंबईत त्या काळी नवे वारे वाहत होते. एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी १८४८ मध्ये सभा स्थापून पुढच्याच वर्षी मुलींच्या शाळा काढल्या होत्या. १८५३ साली, म्हणजे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली त्याच वर्षी, केहीमकरांनी आपल्या भावांच्या साथीने समाजात शिक्षणप्रसार करण्यासाठी एक संस्था काढली. शाळा मात्र उभी राहिली १८७५ साली. मध्ये बावीस वर्षे गेली! मला त्यांचे मोठेपण दिसते ते या बावीस वर्षांत. या शाळेत इंग्रजी शिक्षणाबरोबर हिब्रूही शिकवले जाऊ लागले. पुढे एली कदूरी यांच्या देणगीमुळे शाळेला त्यांचे नाव मिळाले. माझगावची ती शाळा आजही चालू असून आता तेथे बहुतांशी इतर समाजांची मुले शिकतात.

दुसरे काम लेखणीचे. आपल्या समाजाचा इतिहास केहीमकरांनी इंग्रजीत लिहिला आणि १८९७ साली पुरा केला. तेव्हा त्यांचे वय सदुसष्ट होते. छापील पुस्तक पाहण्याचे भाग्य मात्र त्यांना लाभले नाही. ते तेल अवीव येथे प्रसिद्ध झाले १९३७ मध्ये, तब्बल चाळीस वर्षांनी. १९४८ नंतर समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली. कोकणातल्या चालीरीतींची, आडनावांची आणि सणांची आठवण या ग्रंथात टिकून राहिली.

ज्यूंच्या इतिहासात तरुणांच्या चळवळींना मोठे स्थान आहे. १८८२ मध्ये रशियातील विद्यार्थ्यांचा बिलू हा गट पॅलेस्टाईनला शेती करायला निघाला. १९४३ च्या एप्रिलात वॉर्सात नाझींविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्यांचा पुढारी मोर्देखाय अनिलेविच हा हाशोमेर हात्साईर या युवक संघटनेतून आलेला, चोविशीच्या आसपासचा तरुण होता. त्या मुलांना मरण समोर दिसत असताना लढावे लागले. केहीमकरांच्या वाट्याला असा प्रसंग आला नाही. या देशात ज्यूंना शेजाऱ्यांनी छळले नाही. त्यांना भीती होती ती विस्मरणाची, आणि तिच्याशी झुंज द्यायला शाळा व वही ही दोनच साधने होती.

वॉर्साच्या वीरांची नावे जगाला ठाऊक आहेत. केहीमकरांचे नाव महाराष्ट्रातही थोड्यांनाच माहीत असेल. मला दोन्ही नावे एकाच परंपरेतली वाटतात. आपल्या गावातील एखाद्या मंडळाने बावीस वर्षे एकच काम धरून ठेवले तर काय उभे राहील, याचा विचार महाविद्यालयातील मित्रमैत्रिणींनी जरूर करावा.