गोदेवरचे कॉटनसाहेब

बाभळी बंधाऱ्यातून पुढं गेलेली आपली गोदा राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमला पोचते. तिथं सर आर्थर कॉटन या इंग्रज इंजिनिअरचे पुतळे आहेत, लोक त्यांना हारही घालतात! जन्म १८०३चा. १८२१ साली ते मद्रासला आले. दुष्काळानं खंगलेल्या मुलखासाठी १८४७ ते १८५२ मध्ये त्यांनी धवळेश्वरमचा बंधारा बांधला. कालवे शेतीसाठी होतेच, पण त्यांतून नावाही चालायच्या. रेल्वेपेक्षा पाण्याची वाट स्वस्त, हा त्यांचा हट्ट. वऱ्हाड-नागपूरचा कापूस वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा नावेनं समुद्राकडं न्यायचा बेत होता. सरकारनं तो १८७१ साली गुंडाळला. साहेब १८९९ मध्ये वारले, हट्ट तसाच. पापिकोंडलूची बोट-सफर ठरवताय? मग धवळेश्वरमचं कॉटन संग्रहालयही यादीत घ्या. आणि बोटीत लाइफ जॅकेट मागूनच घ्या.