मुद्रक झेंगर : निर्वासितांच्या यादीतील एक नाव

सन १७१०च्या उन्हाळ्यात इंग्लंडहून निघालेली जहाजे न्यूयॉर्कला लागली, तेव्हा त्यांतून जर्मनीच्या पॅलाटिनेट प्रांतातील दोन हजारांहून अधिक निर्वासित उतरले. फ्रेंच सैन्याने केलेली नासधूस आणि १७०९चा जीवघेणा हिवाळा यांमुळे ऱ्हाइनकाठची हजारो कुटुंबे रॉटरडॅममार्गे लंडनला पोहोचली होती. त्यांतील एका गटाला राणी ॲनच्या सरकारने अमेरिकेस धाडले. हडसन नदीकाठच्या पाइन वृक्षांपासून ब्रिटिश आरमारासाठी डांबर काढून त्यांनी प्रवासखर्च फेडायचा, असा हा व्यवहार होता. तो दोन वर्षांतच बारगळला. वाटेत मात्र तापाच्या साथीने शेकडो माणसे दगावली.

गव्हर्नर रॉबर्ट हंटर यांच्या कारभाऱ्यांनी शिधा घेणाऱ्या या कुटुंबांच्या याद्या ठेवल्या. आपल्या जर्मन मूळपुरुषाचा माग काढणारी अमेरिकी कुटुंबे आजही त्या चाळतात. त्यांत जोहाना झेंगर या विधवेची नोंद आहे. सोबत तीन मुले. थोरला जॉन पीटर, वय १३. वडिलांचे नाव नाही, कारण ते प्रवासातच निवर्तले होते. सरकारने निर्वासितांची अनेक मुले अशीच कामास बांधून दिली. जॉन पीटरच्या वाट्याला विल्यम ब्रॅडफर्ड यांच्या छापखान्यातील आठ वर्षांची उमेदवारी आली.

मुदत संपल्यावर झेंगर यांनी मेरीलँडमध्ये नशीब अजमावले. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर १७२२ साली त्यांनी ॲना कॅथरिना मॉलिन यांच्याशी विवाह केला आणि १७२६ साली न्यूयॉर्कमध्ये स्वतःचा छापखाना थाटला. सरकारी कामे ब्रॅडफर्ड यांच्याकडे. झेंगर यांच्या हाती किरकोळ पुस्तिका. गव्हर्नर विल्यम कॉस्बी यांच्या मनमानीविरुद्ध उभ्या राहिलेल्या गटाला मुद्रक हवा होता, तो असा मिळाला. ‘न्यूयॉर्क वीकली जर्नल’चा पहिला अंक ५ नोव्हेंबर १७३३ रोजी निघाला. त्यातील जहाल मजकूर मुख्यत्वे जेम्स अलेक्झांडर या वकिलांच्या लेखणीतून उतरे, पण निनावी. अंकावर नाव असे ते मुद्रकाचे. त्यामुळे खटला भरायचा तो त्याच्यावरच.

कॉस्बी यांनी चार अंक जाळण्याचा हुकूम काढला आणि १७ नोव्हेंबर १७३४ रोजी झेंगर यांना अटक झाली. जामिनाची रक्कम त्यांच्या आवाक्यापलीकडची होती. सुमारे साडेआठ महिने ते कोठडीत राहिले. तरीही एका आठवड्याचा अपवाद वगळता अंक चुकला नाही. छापखाना ॲना यांनी चालविला. इतिहासकारांनी या बाईंची दखल जरा उशिराच घेतली, हे खरे.

अलेक्झांडर आणि विल्यम स्मिथ हे झेंगर यांचे वकील. त्यांनी न्यायाधीशांच्या नेमणुकीलाच आक्षेप घेतला, तेव्हा मुख्य न्यायाधीश जेम्स डी लान्सी यांनी त्यांची सनद काढून घेतली. ४ ऑगस्ट १७३५ रोजी बचावासाठी फिलाडेल्फियाहून वृद्ध अँड्र्यू हॅमिल्टन आले. त्या काळच्या कायद्यानुसार मजकूर खरा असणे हा बचाव नव्हता. तो छापला की नाही, एवढेच ज्यूरीने ठरवायचे. हॅमिल्टन यांनी छपाई सरळ कबूल केली आणि मजकूर खोटा आहे काय, हे ज्यूरीनेच ठरवावे, असा आग्रह धरला. न्यायाधीशांना तो मान्य नव्हता. ज्यूरीने मात्र अल्पावधीतच झेंगर निर्दोष असल्याचा निर्णय दिला.

कायदा त्याने बदलला नाही. न्यूयॉर्कमध्ये सत्यतेच्या बचावाला कायद्याचे अधिष्ठान मिळण्यास १८०५ साल उजाडले. झेंगर यांनी या खटल्याची हकिगत १७३६ साली छापली. तिची मांडणी अलेक्झांडर यांची होती, आणि झेंगर यांचे नाव पुढे गाजले ते त्या पुस्तिकेमुळेच. १७३७ साली त्याच न्यूयॉर्कचे सरकारी मुद्रकपदही त्यांना मिळाले. पैसा मात्र फारसा गाठीशी राहिला नाही. २८ जुलै १७४६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर १७४८पर्यंत ॲना आणि पुढे १७५१पर्यंत थोरला मुलगा जॉन यांनी पत्र चालू ठेवले.